पक्का टॅन की पुसता टॅन?

शरीरसौष्ठव स्पर्धांचा मोसम जवळ आला की आमच्या परळच्या व्यायामशाळेत नवी पोरं एकच प्रश्न घेऊन येतात. "दादा, टॅन कुठला घेऊ?" मुळात सावळा असताना अंगाला रंग कशाला, हे त्यांना समजावावं लागत नाही. स्टेजवरच्या दिव्यांखाली सहा महिन्यांचं डाएट कसं सपाट दिसतं, ते स्वतःच्या फोटोत त्यांनी पाहिलेलं असतं.

निवड दोघांतच असते. एक डीएचए नावाच्या रसायनाचा, पक्का, आदल्या दिवसापासून कोटावर कोट देत चढवायचा. दुसरा डबीतला, क्रीमसारखा, बॅकस्टेजला पंधरा मिनिटांत चोपडायचा आणि घरी येऊन साबणाने धुऊन टाकायचा. 65 किलोच्या गटात मी दोन्ही लावून उभा राहिलोय. नंबर कधी आला, कधी नाही, त्याचा दोष मी टॅनला देत नाही.

रंग आणणाऱ्या गोळ्या आणि इंजेक्शनं या तुलनेत धरलेलीच नाहीत. कॅन्थाझॅन्थिन या रंगद्रव्याच्या गोळ्या फार खाल्ल्या तर तो रंग डोळ्याच्या पडद्यावर स्फटिक होऊन बसतो. त्या वाटेला जाऊच नका.

डबीवाल्याबद्दल चांगलं बोलायला मला जड जात नाही, पहिली दोन वर्षं मी त्याचाच होतो. चुकलं तर पुसा, परत लावा. रंग आणि चमक एकदमच येते, वेगळं तेल लागत नाही. सोमवारी ऑफिसात कुणाला पत्ताही लागत नाही. आणि आदल्या रात्री, पोटात पाणी नाही, डोकं फिरलेलं, अशा वेळी पाठीला रंगाचा रोलर फिरवायला माणूस शोधावा लागत नाही, हे सुख स्पर्धक सोडून कुणाला कळणार नाही.

माझं त्याच्याशी बिनसलं ते एका रात्रीत. उपनगरातलं एक मैदान, पत्रिकेवर वेळ संध्याकाळी सहाची. मी शहाण्यासारखा साडेपाचला रंगून तयार. मग पाहुणे आले. मग सत्कार सुरू झाले. शाल, श्रीफळ, दोन शब्द, पुन्हा शाल. मांडवामागे पंखा एक आणि स्पर्धक साठ-सत्तर. आठच्या सुमाराला काखेतून पहिली धार निघाली आणि बरगड्यांवरून कमरेपर्यंत गोरी रेघ ओढत गेली. मित्राने थापून बुजवली. नऊला दुसरी. दहापर्यंत डबी संपली. माझा गट पुकारला तेव्हा सव्वाअकरा वाजून गेले होते. फ्रंट डबल बायसेप्सच्या पोझला हात वर केले, तर दंडाच्या आतल्या बाजूचा सगळा रंग लॅट्सवर, म्हणजे काखेखालच्या पाठीच्या स्नायूंवर, उतरलेला. बसलो होतो त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर माझ्या मांड्यांचा अख्खा छाप. सहभागाचं प्रमाणपत्र अजून घरी आहे, चार बोटांच्या ठशांसकट.

घाम गाळून बॉडी बनवली आणि घामानेच घालवली, असं म्हणून पोरं हसली. मला तेव्हा हसू आलं नव्हतं.

नियमाचा मुद्दा वेगळाच. आयएफबीबी या आंतरराष्ट्रीय शरीरसौष्ठव महासंघाच्या नियमांत पुसल्यावर निघणारा रंग चालत नाही, आणि सोनेरी किंवा चमचमणारा तर नाहीच. बोट फिरवलं आणि रंग आला, तर आधी पुसून या म्हणतात. आमच्याकडच्या छोट्या स्पर्धांत माझ्या अंगावर तरी कुणी बोट फिरवलेलं नाही. पण पुढे राज्य पातळीवर जायचं असेल तर सवय आत्ताच लागलेली बरी.

आता डीएचए. ही एक साधी साखर आहे. त्वचेच्या अगदी वरच्या, मेलेल्या थरातल्या अमिनो आम्लांशी तिची प्रक्रिया होते आणि तपकिरी रंग तयार होतो. तव्यावर पोळीला खरपूस डाग पडतात, त्याच जातीची ही प्रक्रिया. 1950च्या दशकात अमेरिकेत सिनसिनाटीला ईव्हा विटगेनस्टाइन नावाच्या संशोधिका आजारी मुलांना डीएचए औषध म्हणून तोंडावाटे देत होत्या. मुलांनी ते सांडलं, थुंकलं, की कातडीवर तपकिरी डाग उमटायचे, कपड्यांवर मात्र नाही. आमच्या घरच्या चादरींना हे कुणी सांगितलेलं नाही. कारण लावताना कुठे लागलं, कुठे राहिलं ते दिसावं म्हणून बाटलीत वरून वेगळा रंग घातलेला असतो, आणि तो सगळ्याला लागतो. पहिल्या वर्षी आईने माझी चादर वाळत घालायलाही नकार दिला होता. आता माझी एक जुनी, ठरलेली चादर आहे.

त्रास आहेच. ओल्या बिस्किटांसारखा वास रात्रभर नाकात बसतो. कोट दिल्यावर सहा-आठ तास अंगाला पाण्याचा थेंब लागता कामा नये. म्हणजे भात-चिकन चमच्याने, पाणी स्ट्रॉने, आणि लघवीला जाताना नेमबाजाची एकाग्रता. डिओडरंट लावलेलं असेल तर काख हिरवट होते. आमच्यातल्या एकाची झाली होती. तळहात, कोपर, घोटे यांची कातडी जाड, तिथे रंग जास्त धरतो. व्हॅसलीन न लावता मी एकदा हाताने टॅन मारला, तर ऑफिसात आठवडाभर "कावीळ झाली का रे?" चौथ्या-पाचव्या दिवशी मानेवरचा रंग चाळीच्या भिंतीसारखा पोपडे धरून उतरतो. अंगावर सणाचा रंग आणि चेहऱ्यावर श्राद्धाची कळा.

पण तो घामाला पुरून उरतो. वरचा दिखाऊ रंग ओघळला तरी खालचा जागेवर असतो, कारण तो कातडीचाच झालेला असतो. सत्कार कितीही लांबोत.

घेणारच असाल तर काही गोष्टी सांगतो. अंगावरचे केस दोन दिवस आधी काढा आणि मनगटाच्या आतल्या बाजूला थोडा लावून 24 तास बघा. आणि मागच्या वर्षीची उघडलेली बाटली वापरू नका. खिडकीत, उन्हात राहिलेल्या माझ्या बाटलीने तीन कोटांत जेमतेम एका कोटाचा रंग दिला होता. लावायला महागडा ब्रश नको, रंगाऱ्याकडचा चार इंची स्पंजचा रोलर उत्तम. स्प्रे मारून घेत असाल तर डोळे, ओठ, नाक झाका.

अर्थात प्रत्येकाची कातडी वेगळी, घाम वेगळा. पहिलीच आंतर-व्यायामशाळा स्पर्धा असेल आणि तुमचा गट 55 किलोचा असेल, तर डबीवाला घ्या, काही बिघडत नाही. तो गट सगळ्यात आधी पुकारतात. 65ला मी डीएचएचे तीन कोट देतो आणि डबी पिशवीत ठेवतो, कानामागे राहिलेलं बुजवायला. 75च्या वर असाल तर मला विचारूच नका. तुमचा गट स्टेजवर येतो तेव्हा मैदानाबाहेरच्या वडापाववाल्याने कढई उतरवलेली असते.