हलगा–मच्छे बायपास की रिंग रोड? ठराव करण्यापूर्वी

पुणे–बेंगळूर राष्ट्रीय महामार्ग ४८ आणि गोव्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ७४८ हे दोन्ही टोलचे रस्ते आहेत, पण त्यांना जोडणारी वाट आजही बेळगाव शहरातून जाते. कोगनोळी आणि हत्तरगी येथे टोल भरून आलेला मालट्रक गोव्याकडे वळला, की खानापूर रोडवर तिसरे रेल्वे गेट, उद्यमबाग आणि पिरनवाडी पार करतो आणि पुढे गणेबैलला पुन्हा टोल भरतो. सकाळी कारखान्यांची पाळी सुरू होताना उद्यमबागेजवळ दुचाकीवरचा कामगार दोन ट्रकांच्या मधल्या फटीतून वाट काढतो, तेव्हा जोडरस्ता हवा की नको हा प्रश्नच उरत नाही. प्रश्न उरतो तो कोणता रस्ता आणि कोणाच्या जमिनीतून, हा; आणि बायपास की रिंग रोड याचा ठराव करण्यापूर्वी त्याचे उत्तर शोधायला हवे.

महामार्ग ४८ वरील हलगा आणि खानापूर रोडवरील मच्छे यांना शहराबाहेरून जोडणारा हलगा–मच्छे बायपास सुमारे ९.५ किलोमीटरचा आहे, तर शहराला वळसा घालणारा नियोजित रिंग रोड सुमारे ७० किलोमीटरचा. रस्त्याची रुंदी ६० मीटर धरली, तर प्रत्येक किलोमीटरला ६ हेक्टर, म्हणजे जवळपास १५ एकर जमीन लागते. या हिशेबाने बायपासला सुमारे १४० एकर आणि रिंग रोडला हजार एकरांहून अधिक जमीन जाईल.

मात्र केवळ एकर मोजून बायपासला हिरवा कंदील दाखवणे अन्यायाचे ठरेल, कारण शहापूर, वडगाव, अनगोळ आणि येळ्ळूरच्या ज्या शिवारातून तो जातो, तेथील काळी जमीन बेळगाव बासमतीची आहे आणि भातानंतर त्याच ओलीवर मसूर, वाटाणा निघतो. २०२१ मध्ये पोलीस बंदोबस्तात उभ्या पिकात जेसीबी घातले गेले, ते येथील शेतकरी विसरलेले नाहीत. जुन्या महामार्गाचा झिरो पॉईंट नेमका कोठे, हा त्यांनी न्यायालयात मांडलेला मुद्दाही केवळ तांत्रिक नव्हता, कारण रस्ता जेथून सुरू होतो असे कागदावर ठरते, त्यावरच कोणाचे शेत जाणार हे ठरते.

त्याहून मोठा धोका बळ्ळारी नाल्याचा आहे. पावसाळ्यात हा नाला आधीच शिवारात पसरतो आणि रोपलागण झालेले भात कित्येक दिवस पाण्याखाली राहते. त्यात मातीच्या उंच भरावाचा रस्ता आडवा आला, तर ज्यांची एक गुंठाही जमीन संपादित झाली नाही त्यांचेही पीक कुजेल, आणि त्यांना भरपाई मात्र मिळणार नाही. म्हणून नाल्याच्या पाणलोटात भराव न घालता रस्ता खांबांवर न्यावा, ही अट खर्च वाढला तरी सोडू नये.

रिंग रोडची बाजूही समजून घ्यावी लागेल. चंदगड–वेंगुर्ला रस्त्याने किंवा बागलकोटकडून येणाऱ्या वाहनांना बायपासचा फारसा उपयोग नाही, रिंग रोडचा आहे. परंतु त्यासाठी उचगाव, कडोली, मुतगा अशा गावांतील रताळी, बटाटा आणि भाजीपाल्याची बागायत जमीन द्यावी, इतकी ती वाहतूक मोठी आहे असे मला वाटत नाही. तिसरा पर्याय म्हणजे शहरात उड्डाणपूल; त्याने स्थानिक गाड्यांना दिलासा मिळेल, पण गोव्याचा ट्रक शहरातच राहील.

त्यामुळे माझा कौल बायपासच्या बाजूने आहे, तोही वरील अटीवर. ठरावात आणखी दोन बाबी लेखी याव्यात. या छोट्या दुव्यावर वेगळा टोल नसावा, कारण दोन्ही महामार्गांवर टोल भरणारा चालक आणखी एक टोल टाळण्यासाठी ट्रक पुन्हा खानापूर रोडवरच घालेल. आणि चोर्ला घाटाकडून येणारा रस्ता पिरनवाडीत, म्हणजे मच्छेच्या अलीकडे शहराच्या बाजूला मिळत असल्याने, त्या वाहनांना मच्छेपर्यंत नेणाऱ्या वळणाची सोय मूळ आराखड्यातच असावी.