काडीला पानं नसतील तर घेऊ नका

आमची नारळ-पोफळीची वाडी रत्नागिरी जिल्ह्यात, उतारावर आहे. पावसाळ्यात लाल माती धुपून खालच्या पऱ्ह्यात, म्हणजे ओढ्यात, जाते. झाडांच्या मधल्या चारेक गुंठ्यांत माती धरून ठेवेल असं काहीतरी बुटकं, पसरणारं लावायचं दोन वर्षं मनात होतं. दोन बागा प्रत्यक्ष बघून मी ॲरॅचिस पिंटोई ठरवलं. नर्सरीवाले त्याला पिंटो पीनट म्हणतात. आपल्या भुईमुगाचं भावंड, मूळचं ब्राझीलचं. एकदा लावलं की वर्षानुवर्षं राहतं, सावलीत तग धरतं, मुळांवरच्या गाठींमुळे जमिनीला नत्र मिळतं, वर पिवळी फुलं. झाड निवडण्यात माझं काही चुकलं नव्हतं.

एका ओळखीच्यांकडून रोपं पुरवणाऱ्या माणसाचा नंबर मिळाला. तो वाडीत आला, माती हातात घेऊन बघितली, मोबाईलवर फोटो दाखवले. फोटो पिंटोईचेच होते, त्यात शंका नाही. "ताई, रोपं घेऊ नका, महाग पडतील. काड्या लावा, आषाढात हां हां म्हणता रुजतात." काडीला 4 रुपये, 4,000 काड्या, 16,000 रुपये. टेम्पोचे 2,500 वेगळे. मी जीपेवर सगळे आगाऊ दिले.

जूनअखेर गोण्या आल्या. काड्यांना एकही पान नव्हतं. विचारलं तर म्हणाला, "पानं काढली की काडी सुकत नाही, ताई." कलमं करताना आपणही पानं कमी करतो, म्हणून मला ते पटलं. तेव्हा एक काडी जरी नीट डोळ्यांजवळ धरली असती! पिंटोईच्या काडीवर पेराला एकच पान असतं, एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला. माझ्या काड्यांवर प्रत्येक पेराला समोरासमोर दोन पानांच्या खुणा होत्या. पानं काढली तरी त्या खुणा जात नाहीत. हे मला महिन्याभराने, वाडीत गुडघे टेकून बसल्यावर कळलं.

पालवी फुटली तेव्हाच पोटात गोळा आला. पिंटोईच्या एका देठावर चार छोटी गोल पानं असतात, भुईमुगासारखी, आणि संध्याकाळी ती मिटतात. माझ्याकडे आलेलं पान एकटं, जाड, चकचकीत, कडेला दाते आणि तीन टोकांचं. रात्री बॅटरी घेऊन गेले, तर एकही पान मिटलेलं नव्हतं. ऑगस्टमध्ये फूल आलं ते छोट्या सूर्यफुलासारखं. पिंटोईचं फूल भुईमुगाच्या फुलासारखं असतं, त्याला अशा गोलाकार मांडलेल्या पाकळ्या नसतात. तो वेडेलिया नावाचा वेल होता. रस्त्याकडेच्या गटारांवर माजलेला असतो, तो. फुकट कापून आणलेला माल मी 4 रुपये काडीने घेतला, असंच मला वाटतं.

पैसे गेल्यापेक्षा हे जास्त लागलं. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या, जगातल्या 100 सर्वांत घातक आक्रमक प्रजातींच्या यादीत वेडेलिया आहे. जमिनीला टेकेल त्या प्रत्येक पेराला मूळ सुटतं, आणि बोटभर तुकडा राहिला तरी नवा वेल होतो. माझ्या वाडीचं पाणी पऱ्ह्याला जातं आणि पऱ्ह्या खालच्या भातखाचरांना. म्हणजे माझ्या पैशांनी आणलेलं संकट शेजाऱ्यांच्या दारात.

फोन केला तेव्हा उत्तर आलं, "ताई, पिवळंच फूल मागितलं होतंत ना?" त्यानंतर फोन उचललाच नाही. ग्राहक हेल्पलाईनच्या 1915 वर तक्रार नोंदवता येते, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी पडत नाही. पण माझ्याकडे दाखवायला काय होतं? वहीच्या फाडलेल्या पानावर त्याने लिहून दिलं होतं: 'ग्राउंड कव्हर, पिवळं फूल, 4,000 नग.' झाडाचं नाव कुठेच नाही. फोटो त्याच्याच मोबाईलवर राहिले. कृपा करून बिलावर झाडाचं पूर्ण नाव लिहून घ्या, फोटो स्वतःच्या व्हॉट्सॲपवर मागवा, आणि आधी पानांसकट दहा काड्या आणून कुंडीत लावून बघा. पान फुटेपर्यंत बाकीचे पैसे देऊ नका.

उपटायला दोन माणसं नऊ दिवस लागली, 600 रुपये रोजाने 10,800. एकूण 29,300 रुपये गेले. पहिल्या दिवशी उपटलेला ढीग आम्ही बांधावर टाकला, तो पावसात तिथेच पुन्हा रुजला. मग सगळं कातळावर काळ्या प्लास्टिकखाली दाबून ठेवलं आणि पाऊस संपल्यावर वाळवून जाळलं. तुमच्याकडे वेडेलिया असेल तर उपटलेला ओढ्यात किंवा खतखड्ड्यात मुळीच टाकू नका.

नोव्हेंबरपासून दर रविवारी मी पऱ्ह्याच्या कडेने चालत जाते. खालच्या खाचराच्या मालकांना, आमच्या शेजारच्या काकांना, सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. पान कसं दिसतं ते विचारलं, एक घरी नेलं आणि पडवीच्या खांबाला टाचून ठेवलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला. परवा त्यांच्या बांधाखाली दोन पेरं रुजलेली सापडली. आम्ही दोघांनी मिळून ती मुळासकट काढली.