मोल्सवर्थचा कोश: फ्लेक्सच्या दुकानात दीड वर्ष वापरून

उदगीरला माझं फ्लेक्स अन् लग्नपत्रिकेचं दुकान आहे. दिवसभर दुसऱ्याचे शब्दच छापत असतो अन् भांडणं पैशावरनं कमी, मजकुरावरनं जास्त होतात. म्हणून दीड वर्षापूर्वी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, म्हणजे त्याचं पुनर्मुद्रण, जुन्या पुस्तकवाल्याकडनं साडेचारशेला उचललं. नऊशेच्या वर पानं, वजन तर विचारूच नका, पंख्याखाली पत्रिकांचे नमुने दाबायला ठेवलं तरी पैसे वसूल.

माणूस पण अजबच. जेम्स मोल्सवर्थ, ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला साहेब, इकडं आला अन् मराठीतच रुतला. जॉर्ज अन् थॉमस कँडी हे दोघं भाऊ मदतीला, शिवाय आपले शास्त्री-पंडित, असं करून १८३१ ला कोश काढला. नंतर विलायतेला गेला तरी जीव इथंच, परत येऊन १८५७ ला दुसरी आवृत्ती केली, साठ हजाराच्या आसपास शब्द! लोक कोणता शब्द कशाला वापरतात हे बघण्यात अर्धं आयुष्य घातलं गड्यानं.

आता उपयोग काय ते सांगतो. एका गुरुजींच्या सेवापूर्तीचा फ्लेक्स आला, मजकूर व्हॉट्सअॅपवर, कुठल्यातरी हिंदी बॅनरवरनं उचललेला, त्यात "शिक्षा क्षेत्रात ३२ वर्षे". म्हणलं दादा, हे वाचून लोक म्हणतील गुरुजी ३२ वर्ष आत होते. पोरगं म्हणे, चालतंय की, शिक्षा म्हणजे शिक्षणच ना. मूळ संस्कृतात ते खरंय, हिंदीत आजही खरंय, पण मराठीत शिक्षा म्हणजे शिक्षाच. कोश काढून समोर ठेवला, त्याला इंग्रजी वाचता आलं नाही पण पुस्तकाचा आकार बघूनच "शिक्षण" करा म्हणाला.

दुसरे एक काका आले लेकीच्या पत्रिकेला. "तारीख" नको, परका शब्द आहे, "दिनांक" टाका, सगळा मजकूर शुद्ध मराठीत पाहिजे. टाकलं दिनांक, आपलं काय जातंय. पण मग राहवलं नाही, म्हणलं काका, "मजकूर" पण अरबीच आहे. कोशात शब्दापुढं कंसात एक अक्षर असतं, त्यावरनं शब्द संस्कृतातला का फारसीतला का अरबीतला ते कळतं. काका बराच वेळ पानं उलटत बसले, चहा थंड झाला. आमच्याकडं १९४८ पर्यंत निजामाचं राज्य, हे अक्षर बघत बसलं तर निम्मं तहसील कार्यालय अरबी निघंल.

आता तोटे. शुद्धलेखनासाठी अजिबात घेऊ नका. ऱ्हस्व-दीर्घाचे अन् अनुस्वाराचे नवे नियम १९६२ चे, हा त्याच्या शंभर वर्ष आधीचा, म्हणून गाव-नाव सापडत नाही, "गांव", "नांव" असं टिंबासकट बघावं लागतं. इंग्रजी पण तेव्हाचं, एक अर्थ कळायला मोबाईलवर दुसरी डिक्शनरी उघडावी लागते. टाइप मुंगीएवढा, पन्नाशीच्या पुढच्यांनी भिंग घेऊनच बसावं.

अन् आमच्या भागातलं सगळंच काही ह्यातनं सुटत नाही. येळवशीच्या, म्हणजे आमच्याकडं अमावस्येला शेतात होणाऱ्या सणाच्या, जेवणाचा फ्लेक्स होता, एक म्हणे "वेळ अमावस्या" लिहा, दुसरा म्हणे "येळवस"च, तिसरा म्हणे बोली आहे, हसतील लोक. तेवढ्यात बिदरकडचा एक गिऱ्हाईक बसला होता, तो म्हणाला आमच्याकडं एळ्ळ अमावस्या म्हणतात, कन्नडात एळ्ळु म्हणजे तीळ. म्हणजे ह्यात "वेळे"चा काही संबंधच नाही, कुणीतरी "येळ" ऐकून शुद्ध करायला गेला अन् "वेळ" करून बसला! पण फ्लेक्सवर शेवटी "वेळ अमावस्या"च गेलं, ज्यानं पैसे दिले त्याचं.

निस्तं कधीमधी बघायचं असलं तर शिकागो विद्यापीठाच्या साइटवर अख्खा कोश फुकट आहे, विकत घ्यायची गरज नाही. पण काउंटरवर भांडण मिटवायला पुस्तकच पाहिजे, मोबाईलला कुणी भीत नाही. जुना घेत असाल तर शिवण उघडून बघून घ्या. माझ्यातली "ह"ची चार पानं गायब निघाली, त्यात "हळद" पण गेली, अन् मी लग्नपत्रिका छापतो.