कॉर्ड ब्लड बँक, बडोदा: पैसे भरण्याआधी ब्रोशरचं शेवटचं पान बघा

रेटिंग आधीच सांगून टाकते, ५ पैकी २, आणि ते दोन्ही स्टार त्यांच्या सेल्सच्या मुलाला आणि सॅम्पलच्या किटला. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाहीये, कारण ओळखीतल्या दोघीतिघींना विचारलं तर वेगवेगळ्या कंपन्यांची कॅसेट तीच निघाली. बाळाच्या नाळेतलं रक्त साठवा, त्यातल्या स्टेम सेल्स, म्हणजे ज्यांच्यापासून नव्या पेशी बनतात त्या पेशी, जन्मभर कामाला येतील, ही संधी एकदाच मिळते, आत्ता नाही घेतली तर मग हात चोळत बसाल.

वहिनीला सातवा लागला आणि यांना तिचा नंबर कुठून मिळतो देव जाणे, दोन दिवसांत फोन आणि रविवारी मुलगा दांडिया बाजारात आमच्या घरी हजर, तीन जिने चढून, हातात बेबी ऑइल-बिइलचं हॅम्पर. मुलगा मात्र खरंच गुणी, अर्धं मराठी अर्धं गुजराती, आईला काकी, वहिनीला बेन, कुठेही दमदाटी नाही, चहा संपवून कप स्वतः आत नेऊन ठेवला म्हणजे आई तिथेच गार. पॅकेज पाऊण लाखाच्या आसपास, ईएमआयसकट. या पेशींनी बरे होतात म्हणे अशा ऐंशी आजारांची यादी बघून दादा तर लगेच पाघळला आणि पाच हजार टोकन भरून मोकळा.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला आहे त्यामुळे मला यादीपेक्षा सॅम्पल कसं जाणार यात जास्त इंटरेस्ट. म्हटलं किट उघडून दाखव. किट खरंच चांगलं आहे, खोटं कशाला बोलू. जाड थर्माकोलचा डबा, आत ब्लड बॅग, तिच्यात रक्त गोठू नये म्हणून सोल्युशन आधीच भरलेलं, आईच्या रक्ताच्या ट्यूब्स वेगळ्या, सगळ्यावर बारकोड, जेल पॅक आणि टेंपरेचर लॉगरसुद्धा. मे महिन्यातल्या बडोद्यात डबा दुपारभर टेम्पोत पडून राहिला तर तो लॉगर चुगली करणार, हे मला आवडलं. आमच्याकडे सॅम्पल गोळा करणारे अजून साध्या पिशवीतून ट्यूब घेऊन येतात.

गाडी अडकली ब्रोशरच्या शेवटच्या पानावर. 'आमचं नेतृत्व' म्हणून फोटो होते, चेअरमन, सीईओ, सेल्सचे हेड, ब्रँडचे हेड, आणि मधोमध एक हिरॉईन बाळाला कडेवर घेऊन. सायंटिस्ट म्हणावा असा एकच माणूस, तोही कोपऱ्यात, मेडिकल ॲडव्हायझर म्हणून, नाव आणि डिग्री, बस. मी विचारलं की लॅब कोण बघतं, त्यांनी स्वतः कशावर काम केलंय, तुमच्याकडची बॅग ट्रान्सप्लांटसाठी आजवर किती वेळा बाहेर निघाली. मुलाने बिचाऱ्याने सीनियरला फोन लावला, सीनियर म्हणाले मॅडम आमची सर्व्हिस पूर्ण इंडियात आहे. मी विचारलं काय, उत्तर काय!

त्या रात्री मी जरा शोधत बसले की या विषयात खरं काम करणाऱ्यांच्या डोक्यावर कोण बसलेलं असतं. कॅनडात स्टेम सेल नेटवर्क नावाची संस्था आहे, २००१ पासूनची, सरकारी पैसा, देशभरातल्या युनिव्हर्सिट्या आणि हॉस्पिटलांच्या लॅबना जोडणारी. पहिले सायंटिफिक डायरेक्टर रोनाल्ड वॉर्टन, म्हणजे ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीचा जीन शोधणाऱ्यांपैकी एक. हा तोच आजार ज्यात लहान मुलांचे स्नायू हळूहळू जातात. त्यांच्यानंतर ओटावाचे मायकेल रुडनिकी, यांचा विषय स्नायूंमधल्या स्टेम सेल्स. ड्युशेनमध्ये नुसते स्नायू झिजत नाहीत तर स्नायू दुरुस्त करणाऱ्या स्टेम सेल्सच बिघडलेल्या असतात, हे त्यांच्या टीमने २०१५ मध्ये दाखवलं. ऑफिस आणि पैशाचा कारभार सांभाळायला माणसं वेगळी. रुडनिकींनी औषधासाठी कंपनीपण काढलीय, म्हणजे सगळे साधुसंत आहेत असं माझं म्हणणं नाहीये, पण माणसाने आयुष्य कशावर घालवलं ते उघड दिसतं, चुकलं कुठे तर पकडताही येतं.

आणि ही परंपरा बघा कुठून येते. १९६१, टोरोंटो, जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅकलॉक, एक फिजिक्सवाला, एक डॉक्टर. रेडिएशन दिलेल्या उंदरांना बोन मॅरोच्या पेशी टोचल्या, साधारण दहा दिवसांनी प्लीहेवर गाठी दिसल्या, आणि जेवढ्या जास्त पेशी टोचल्या त्या प्रमाणात गाठी जास्त. मग पुढे दोन वर्षांनी दाखवलं की एकेक गाठ एकाच पेशीपासून तयार होते, तीच ही स्टेम सेल. म्हणजे अख्खा विषय उभा राहिला तो गाठी मोजण्यावर, जे आम्ही लॅबवाले रोज प्लेटवर जंतूंच्या कॉलनी मोजत करतो आणि बोअर होतो. त्यांना नोबेल मिळालं नाही, वैद्यकीय संशोधनासाठीचा अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला तोही २००५ मध्ये. वॉर्टन या दोघांच्याच हाताखाली शिकलेले.

आता पॅकेजवर येते. नाळेच्या रक्ताचं पहिलं ट्रान्सप्लांट १९८८ मध्ये पॅरिसला झालं, एलियान ग्लुकमन यांच्या टीमने केलं, मुलाला फॅनकोनी ॲनिमिया, म्हणजे रक्ताचा एक आनुवंशिक आजार होता आणि रक्त होतं त्याच्या नवजात बहिणीचं. बहिणीचं, त्याचं स्वतःचं नाही! आजार जीनमधला असेल तर स्वतःच्या नाळेतल्या पेशींतही तोच बिघाड असणार ना. आपल्याकडे थॅलेसेमियाची, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची भीती घालतात, सिंधी आणि लोहाणा घरांत तर जास्तच, पण थॅलेसेमिया झालेल्या मुलाला त्याचीच साठवलेली बॅग देऊन उपयोग नाही. यादीतले बरेच आजार असेच निघाले. शिवाय एका नाळेतून रक्त येतं शंभरेक एमएल, मोठ्या माणसाला बहुतेक वेळा तेवढ्या पेशी पुरत नाहीत.

आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या गाइडलाइन्समध्ये स्वच्छ लिहिलंय की पुढे स्वतःला लागेल म्हणून साठवण्याला शास्त्रीय आधार नाही. इंडियन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने २०१८ मध्ये आकडा दिलाय, पहिल्या वीस वर्षांत स्वतःची बॅग स्वतःला लागण्याची शक्यता २,५०० मध्ये एक ते २,००,००० मध्ये एक. आमच्या ब्रोशरमध्ये मात्र नाळेचा तुकडा साठवायचा ॲड-ऑन पण होता, वर अठरा हजार, आणि गाइडलाइन्सप्रमाणे रक्त सोडून बाकी काही कमर्शियली साठवायची परवानगीच नाही. हे सेल्सच्या मुलाला वाचून दाखवलं, तो गप्प, मग म्हणाला बेन मला ट्रेनिंगमध्ये हे सांगितलं नाही. मला त्याचं वाईट वाटलं, टार्गेट त्याच्या डोक्यावर आणि फोटो दुसऱ्यांचे.

दादाचं एकच पालुपद, ठेवून दिलं तर बिघडतं काय. आई आतून म्हणाली तेवढ्याची बाळाच्या नावाने एफडी कर, निदान व्याज तरी येईल. विषय संपला.

एक मात्र आहे, घरात आधीच्या मुलाला थॅलेसेमिया किंवा तसा रक्ताचा आजार असेल आणि दुसरं बाळ येणार असेल तर गोष्ट वेगळी, तिथे बहीणभावाचं रक्त खरंच कामी येऊ शकतं, पण ते हिमॅटॉलॉजिस्टला, म्हणजे रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरला, विचारून ठरवा, हॅम्परवाल्याला विचारून नाही.

टोकनचा रिफंड मागितला तर कस्टमर केअरने तीन वेगवेगळ्या लोकांकडे फिरवलं, एक म्हणे मेल करा, दुसरी म्हणे मेल आला नाही, तिसऱ्याने डिलिव्हरीची तारीख विचारून परत पॅकेजच सांगायला सुरुवात केली. शेवटी आपल्या त्याच मुलाने पाठपुरावा करून पैसे परत आणून दिले, पाचशे प्रोसेसिंगचे कापून. हॅम्पर परत मागितलं नाही.