ओडू कम्युनिटी: लोहार चाळीतून एक परीक्षण

आधी निकाल सांगते, कारणं मागून. ओडू म्हणजे धंद्याचा साठा, बिलं, हिशेब सांभाळणारं सॉफ्टवेअर. त्याची फुकट मिळणारी कम्युनिटी आवृत्ती मुक्त सॉफ्टवेअर आहे, पैसे भरून मिळणारी एंटरप्राइझ नाही. त्यामुळे "ओडू ओपन सोर्स आहे" म्हणत कोणी दुकानात आलं, तर पहिलं विचारा: कुठलं ओडू?

मी मुंबईच्या लोहार चाळीत वायर-स्विचच्या घाऊक दुकानाचा हिशेब आणि साठा बघते. गोडाऊन भिवंडीला, उधारी पार विरारपर्यंत. आमच्याकडे एक विक्रेता आला, नाव घेत नाही. डेमोत त्याने ताळेबंद, नफा-तोटा, बारकोड, सगळं दाखवलं आणि वर म्हणाला, "ताई, सोर्स कोड तुमचाच." शेठ खूश. मग कोटेशन आलं, त्यात माणशी दर महिन्याचं भाडं. डेमोत जे बघून शेठ खूश झाले होते, ते बहुतेक एंटरप्राइझमधलं होतं.

मी कम्युनिटी उतरवून घेतलं. साठ्याचं काम झकास आहे. वायर आम्ही ९० मीटरच्या कॉइलने घेतो आणि गिऱ्हाइकाला मीटरवर विकतो. दोन एककं एकदा नीट लावून दिली की कॉइल फोडल्यावर किती उरली ते आपोआप दिसतं. फक्त चलनावर तुकड्यांची लांबी वेगवेगळी छापून येत नव्हती. शेठच्या भाच्याला पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा येते, त्याने ती सोय करून दिली. शेजारच्या दुकानदाराने चलन पाहिलं आणि म्हणाला, "मलाही द्या की." भाच्याने पेनड्राइव्हवर घालून दिलं.

माझ्या मते सगळा निवाडा या पेनड्राइव्हवर होतो. मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमनच्या व्याख्येत चार मोकळिकी आहेत: हव्या त्या कामाला वापरणं, कोड वाचून बदलणं, प्रत दुसऱ्याला देणं, बदललेली प्रतही देणं. कम्युनिटीचं लायसन्स एलजीपीएल ३, म्हणजे खुद्द स्टॉलमनने स्थापलेल्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने लिहिलेलं. चारही मिळतात. एंटरप्राइझची वर्गणी भरणाऱ्याला कोड मिळतो, तो स्वतःपुरता बदलताही येतो. पण प्रत कोणाला देणं, विकणं, प्रसिद्ध करणं मना. म्हणजे विक्रेता धडधडीत खोटंही बोलला नव्हता. कोड बघायला आमचा, शेजाऱ्याला द्यायला नाही.

ही फाळणी २०१५ची, नवव्या आवृत्तीपासूनची. त्याआधीची आठवी आवृत्ती सगळी एजीपीएलखाली, म्हणजे वर जोडलेली भरही मुक्तच ठेवायला लावणाऱ्या लायसन्सखाली होती. एजीपीएलच्या गाभ्यावर तिऱ्हाइताने बंद मॉड्यूल (जादा सोयीचा जोडभाग) चढवून विकणं अडचणीचं होतं, एलजीपीएलने ती वाट मोकळी केली. म्हणून आता नाव बघून भागत नाही. प्रत्येक मॉड्यूलच्या मॅनिफेस्ट फाइलमध्ये, म्हणजे त्याच्या माहितीच्या फाइलमध्ये, लायसन्सची ओळ असते, ती वाचायची. एलजीपीएल-३ किंवा एजीपीएल-३ असेल तर बिनधास्त घ्या. ओईईएल-१ किंवा ओपीएल-१ ही ओडूची स्वतःची बंद लायसन्सं दिसली तर ते मुक्त नाही, मग गाभा कितीही मुक्त असो.

मुक्त गाभा फक्त आमिष आहे, म्हणून अख्खं ओडूच नाकारा, असंही काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. जे हातात आहे त्याचं लायसन्स बघावं, कंपनीच्या मनात काय आहे ते बघत बसू नये. सर्व्हर उभारायच्या टेराफॉर्म या सॉफ्टवेअरचं मुक्त लायसन्स २०२३मध्ये कंपनीने बदलून मुक्त नसलेलं केलं, तर जुन्या मुक्त कोडवरून ओपनटोफू हे मुक्त सॉफ्टवेअर उभं राहिलंच ना?

माझी तक्रार कुंपण कुठे घातलंय याबद्दल आहे. कम्युनिटीत बिलं बनतात, जमा-नावे पडतं, आकडे तुमच्याच पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये बसतात. पण ताळेबंद आणि नफा-तोट्याचे तयार अहवाल एंटरप्राइझमध्ये. हिशेबाच्या माणसाला नेमकं जे लागतं तेच कुंपणापलीकडे, आणि हे सहज झालेलं नाही. ओडू कम्युनिटी असोसिएशन या कंपनीबाहेरच्या संस्थेचं एमआयएस बिल्डर नावाचं एजीपीएल मॉड्यूल ती उणीव भरून काढतं, तेही चांगलं. पण बसवायला जाणकार लागतो आणि आवृत्ती बदलली की पुन्हा त्याच्याच मागे लागायचं.

ज्यांना अख्खा संच मुक्त हवा त्यांनी ईआरपीनेक्स्ट हे ओडूसारखंच सॉफ्टवेअर बघावं. आपल्या मुंबईच्याच फ्रापे कंपनीचं, लायसन्स जीपीएल ३, तेही मुक्तच, ताळेबंद आतच. कंपनी होस्टिंग आणि सपोर्टवर कमावते. दिसायला ओडू जास्त देखणं, हे मान्य.

साठा, खरेदी, चलनासाठी कम्युनिटीला पाचापैकी चार तारे. हिशेबासाठी दोन, तेही एमआयएस बिल्डरच्या जिवावर. ईआरपीनेक्स्ट मार्चअखेरची धावपळ संपली की मागच्या टेबलावरच्या संगणकावर टाकून बघणार आहे. तोवर आमचा हिशेब टॅलीतच. ती मुक्त नाही, आणि तसं तिने कधी सांगितलंही नाही.