हयातीचा दाखला: बँकेत की मोबाइलवर?

पेन्शनरांचा नोव्हेंबर म्हणजे हयातीचा दाखला. बँकेत गेलं तर रांग आणि जिना. पण समोरचा माणूस सही घेतो, पोच देतो. अण्णांनी ती पासबुकात जपून ठेवलीय. 'जीवन प्रमाण' (सरकारचा डिजिटल हयातीचा दाखला) २०१४ साली आलं तेव्हा भर बोटांच्या ठशांवर, आणि झिजलेल्या बोटांना मशीन ओळखेना. २०२१ पासून चेहराही चालतो. घरबसल्या काम होतं खरं, पण 'डोळ्यांची उघडझाप करा' ही सूचना चष्मा काढल्यावर वाचायची कशी? मी शेजारी बसून वाचली. दाखला निघाला, तरी अण्णा विचारत राहिले, "शिक्का कुठाय?"

घरात मदतीला कुणी नसेल, तर मी अजून बँकच सांगेन. केंद्राच्या ऐंशी पार पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, गर्दी टळते.