कॅनडावालं लॉनचं बियाणं गोव्यात फोंड्याला पेरलं, त्याचा रिव्ह्यू (५ पैकी २ स्टार)

आधीच सांगतो, बियाणं नकली नव्हतं. रुजलं, वर आलं, आठ-दहा दिवस झकास दिसलं आणि मग मेलं. कंपनीचं नाव मुद्दाम घालत नाही, कारण तसलंच मिक्स ऑनलाइन चार-पाच जण विकतात.

झालं असं की गेल्या वर्षी मे महिन्यात मी ताईकडे कॅल्गरीला गेलो होतो. मला वाटलं मे म्हणजे उन्हाळा, तर तिथे बर्फ आत्ता कुठे गेलेलं आणि ताईचं लॉन म्हणजे भिजून वाळलेल्या गोणपाटासारखं, मध्येमध्ये ताटाएवढे राखाडी गोल, त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी चिकटलेलं. त्याला तिथे स्नो मोल्ड म्हणतात, बर्फाखाली गवत महिनोनमहिने दबून ओलं राहिलं की ही बुरशी येते. मी म्हटलं औषध मार, ती म्हणाली काही नको, वारं लागलं की जाते. प्लॅस्टिकचं पंख्यासारखं दाताळं घेऊन तिने चिकटलेलं गवत नुसतं हलक्या हाताने सुटं केलं आणि खरंच बऱ्याच ठिकाणी खालून हिरवं फुटलं. तिच्या मते चूक तिचीच, थंडीच्या तोंडावर नायट्रोजनचं खत घातलं आणि शेवटची कापणी न करता गवत लांब ठेवलं, मग बर्फाने ते आडवं पाडलं.

फुटपाथच्या कडेने हातभर रुंद पट्टा मात्र पार जळलेला, बर्फ वितळायला मीठ टाकतात ना त्याचा प्रताप. तिथे तिने जमीन मोकळी झाल्यावर तीन-चार दिवस पाइप सोडून मीठ धुऊन खाली घालवलं. कुंपणाचा एक खांबही वाकलेला होता, उथळ पुरला की जमिनीतलं पाणी गोठून फुगतं आणि खांब वर उचलतं, तो विषय तिचे यजमान बघणार होते आणि अजून बघतायत.

मग भाड्याने एक मशीन आणलं, ते जमिनीतून मातीच्या गुंडाळ्या उपसून वर टाकतं, शेवग्याच्या शेंगेच्या तुकड्यांएवढ्या. तिथली माती चिकण, वर्षभर दबून घट्ट झालेली, भोकं पडल्याशिवाय हवा-पाणी आत जात नाही. त्यावर बी पेरलं, केंटकी ब्लूग्रास, फेस्क्यू आणि रायग्रास असं थंड मुलखातल्या गवतांचं मिक्स. रायग्रास आठवड्यात आलं, ब्लूग्रासला तीन आठवडे लागले. मी जूनअखेर निघालो तेव्हा त्यावर अनवाणी चालत होतो, आणि तिथेच माझं डोकं फिरलं.

घरी येऊन तेच मिक्स ऑनलाइन शोधलं, मिळालं, दीड हजाराला किलो. वेबसाइटवर मोठ्या अक्षरात ‘सर्व हवामानासाठी’. पाकिटाच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलंय १५ ते २४ अंश, ते मी पेरल्यावर वाचलं. ऑक्टोबरात पाऊस सरला तसं तुळशीपुढच्या १५ बाय २० फुटांत कामेरी (मजूर) लावून पारयने (पहारीने) खणायला घेतलं, सहा इंचांवर चिरोच (जांभा दगड) लागला. मग टेम्पोभर माती आणली, शेणखत घातलं, पेरलं, अर्धं बी मुनियांनी खाल्लं म्हणून बायकोची जुनी साडी वर अंथरली.

आठव्या दिवशी कोवळं हिरवं गार गवत. शेजारचे भाटकार (जमीनमालक) बघायला आले. मी रोज संध्याकाळी ऑफिसातून आलो की पाइप धरून उभा. दोन आठवड्यांनी एक दिवस सकाळी बघतो तर मध्ये काळपट, तेल सांडल्यासारखे चट्टे आणि त्यावर पांढरा कापूस. लगेच ताईला व्हिडिओ कॉल. ती म्हणाली, अरे हे स्नो मोल्डसारखं दिसतंय. म्हटलं ताई, इथे बर्फ फक्त मासळीच्या ट्रकात असतं.

नर्सरीवाल्याने सांगितलं ती पिथियम, बुरशीसारखीच एक, उकाड्यात रात्रभर पान ओलं राहिलं की येते आणि रायग्रासवर तर तुटून पडते. म्हणजे मी संध्याकाळी पाणी घालून तिचं जेवणच वाढत होतो. पाणी सकाळी घालायला लागलो तेव्हा ती थांबली, पण ऊन थांबेना. ब्लूग्रास उगवलंच नाही म्हटलं तरी चालेल. नाताळापर्यंत जे उरलं ते न दाढी केलेल्या गालासारखं, मार्चात तेही गेलं.

विकणाऱ्याला लिहिलं तर त्याने तीनदा तोच मेसेज पाठवला, पाकीट सीलबंद होतं का, फोटो पाठवा. फोटो पाठवला, मग गप्प. एक स्टार त्यासाठी कापला, दोन त्या ‘सर्व हवामान’ला. ज्यांचं घर थंड मुलखात आहे त्यांनी हे मिक्स डोळे झाकून घ्यावं, ताईकडे ५ पैकी ५.

नर्सरीवाला पहिल्या दिवशीच म्हणाला होता, ‘बाब, हें हांगा जावचें ना,’ म्हणजे हे इथे होणार नाही. ऐकलं नाही. यंदा जूनमध्ये त्याच्याकडूनच मेक्सिकन गवताच्या लाद्या घेतल्या, पाऊस चालू असताना लावल्या, पाणी घालायचा प्रश्नच नाही. त्याने आधी थोडा चुना घालायला लावला, आपली जांभ्याची माती आंबट असते म्हणून. (ताईला उत्साहात सांगितलं तू पण घाल, तर ती ओरडलीच, तिच्याकडची माती मुळातच उलट्या टोकाची.) आंब्याखाली त्याने गवत लावूच दिलं नाही, सावलीत पैसे पुरू नकोस म्हणाला. विहिरीकडचा सखल कोपरा जुलैत पिवळा पडला, वर शेवाळ, तेव्हा भाटाच्या (बागायतीच्या) बाजूला वीतभर खोल चर काढून पाणी सोडलं. चवथीला पाहुणे आले तोवर बाकीचं भरून आलं होतं, कोपरा अजून तसाच आहे.

उरलेलं अर्धा किलो बियाणं फ्रीजमध्ये सोलांच्या डब्यामागे आहे. बायको दर रविवारी विचारते टाकू का.